मूग, गुळणी आणि मौन

बोलायला नकार देणाऱ्या माणसाच्या तोंडात मराठी भाषा काही ना काही कोंबते. कुणी मूग गिळून बसतो, कुणी मिठाची गुळणी धरतो, कुणाच्या तोंडाला कुलूप लागते, कुणाची दातखीळ बसते. गुळणीचा उगम उघड आहे. दाढ ठणकू लागली की कोमट पाण्यात मीठ घालून त्याचा घोट तोंडात धरून ठेवायचा. तो असेपर्यंत हाक आली तरी ‘हूं’पलीकडे काही निघत नाही. मुगाचे चित्रही याच जातीचे, फक्त त्यात एक गोम आहे : मूग गिळल्यावर तोंड मोकळे व्हायला हवे. पण वाक्प्रचार तर्कापुढे झुकत नाहीत. गुजरातीत तेच मूग तोंडात भरलेले असतात, आणि तिथे मुक्या माणसाला ‘मूंगो’ म्हणतात. पालीत ‘मूग’ म्हणजेच मुका. खाण्याचा मूग संस्कृत ‘मुद्ग’पासून आलेला आणि मुका ‘मूक’पासून, व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोघांचा संबंध नाही, तरी कानाला तो जाणवत राहतो.

या वाक्प्रचारांच्या वापरात नैतिक प्रतवारी आहे आणि ती बरीच काटेकोर आहे. ज्याने बोलायला हवे होते तो मूग गिळतो. गावातला अन्याय डोळ्यांदेखत घडला आणि पंच गप्प राहिले, तर पंचांनी मूग गिळले. मुलीने परक्यासमोर घरचे गुपित सांगितले नाही, तर तिने मूग गिळले असे कुणी म्हणणार नाही. गुळणीत हट्ट आहे : विचारणारा समोर बसलाय, पुन्हा पुन्हा विचारतोय, आणि हा ढिम्म. ‘अळीमिळी गुपचिळी’ हा मुलांच्या खेळातला बोल मोठ्यांच्या राजकारणात गेला तो संगनमताच्या अर्थाने. एकमेकांची लफडी ठाऊक असलेले दोन पक्ष जेव्हा एकमेकांविषयी गप्प राहतात तेव्हा वर्तमानपत्रांना तोच मथळा सुचतो. दातखीळ मात्र भीतीने बसते आणि वाचा धक्क्याने. या दोन्हींत माणसाच्या इच्छेचा भाग नाही, म्हणून दोषही नाही. चकार शब्द न काढणे म्हणजे ‘च’ हे एक अक्षरही तोंडाबाहेर न पडू देणे. ‘ब्र’ न काढणे तसेच, पण त्यात बहुधा दबलेल्याची बाजू असते. कविता महाजनांच्या २००५ च्या कादंबरीचे ‘ब्र’ हे नाव त्याच अर्थच्छटेवर उभे आहे.

पोरांची कट्टी याहून सरळ. करंगळी दाखवली की बोलणे बंद, दोन बोटे पुढे केली की बट्टी. खुणा गावागावांत बदलतात, पण कट्टी जाहीर करावी लागते हा नियम बदलत नाही. मनातल्या मनात धरलेली कट्टी कट्टी होत नाही. कॉलेजच्या वयात हा नियम सुटतो. ‘इग्नोर मारणे’, ‘भाव न देणे’, ‘ब्लॉक करणे’ यांत घोषणा नसते, समोरच्याने ओळखायचे असते. व्हॉट्सअॅपवरच्या दोन निळ्या खुणा निरोप वाचला गेल्याचे सांगतात आणि उत्तर येत नाही, तेव्हा पूर्वी ‘पत्र मिळाले नसेल’ म्हणून जी सबब काढता येत असे तीही उरत नाही.

या सगळ्याच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे : न बोलणे ही कृती आहे की कृतीचा अभाव? कृती असेल तर तिचे पुण्य लागावे, पापही लागावे. अभाव असेल तर दोन्ही नाही. मराठी वाक्प्रचारांचे मत स्पष्ट आहे. तोंडात काहीतरी धरून ठेवावे लागते, म्हणजे श्रम आहेत. श्रम आहेत म्हणजे कर्ता आहे. ‘धरणे’ हे क्रियापदच पाहावे. उपास धरतात, व्रत धरतात, मौन धरतात आणि अबोलाही धरतात.

क्रियापद एक असले तरी मौन आणि अबोला यांत मोठे अंतर आहे. मौन एकट्याचे असते. अबोल्याला दुसरा माणूस लागतो. ‘त्या दोघींचा अबोला आहे’ असे म्हणता येते, ‘त्या दोघींचे मौन आहे’ असे त्या अर्थाने कुणी म्हणत नाही. व्रताला संकल्प असतो, मुदत असते, शेवटी उद्यापन असते. अबोला ठरवून सुरू होत नाही आणि त्याची मुदत धरणाऱ्यालाही ठाऊक नसते. रुसवा या दोहोंहून निराळा, कारण रुसलेल्याला समजूत काढून हवी असते. पंढरपूरच्या कथेत रुक्मिणी द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव इथवर आले. आजही तिचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्याहून वेगळे आहे. रामायणातल्या कैकेयीला तर रुसण्यासाठी राजवाड्यात क्रोधागार नावाची जागाच होती. रुसवा दार किलकिले ठेवतो. अबोला ते लावून घेतो.

अबोल्याच्या घरात व्याकरणही बदलते. स्वयंपाकघरात आई, ओट्याशेजारी स्टुलावर वडील, मध्ये सातवीतला मुलगा. आई म्हणते, ‘तुझ्या बाबांना सांग, पान वाढलंय.’ बाबा तीन फुटांवरून म्हणतात, ‘आईला विचार, आमटी गरम आहे का.’ मुलगा काहीच सांगत नाही, कुणी त्याची अपेक्षाही करत नाही. दोघांनी दोघांचे ऐकलेले असते. बंद झालेले असते ते फक्त ‘तू’ आणि ‘अहो’. समोरचा माणूस द्वितीय पुरुषातून काढून तृतीय पुरुषात नेऊन ठेवलेला असतो. गंमत अशी की जुन्या मराठी घरांत पतीविषयी आदर दाखवायलाही हीच युक्ती होती. ‘इकडून यायचं झालं’, ‘स्वारी निघाली’ ही भाषा नवऱ्याला ‘तू’ न म्हणण्यासाठी होती. अतिआदर आणि अतिराग दोघेही माणसाला थेट हाक मारायचे टाळतात.

धर्मग्रंथांनी मौनाचा गौरव केला आहे, पण तो वरवर वाटतो तितका सरसकट नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन भाग आहेत. मौन वाचिक तपात येईल अशी अपेक्षा असते. तिथे ते नाही. वाचिक तप म्हणून सांगितले आहे ते कुणाला न दुखवणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे. मौनाची गणना मनाच्या तपात केली आहे. म्हणजे तोंड मिटणे ही गीतेच्या लेखी वाणीची साधना नाहीच. वाणीची साधना बोलूनच करायची आहे.

बौद्धांच्या विनयपिटकातल्या महावग्गात याहून रोखठोक प्रसंग आहे. कोसल देशात काही मित्र भिक्षूंनी पावसाळ्यातला वर्षावास एकत्र काढायचा ठरवला. तीन महिने भांडण न होता जावेत म्हणून त्यांनी युक्ती काढली : कुणी कुणाशी बोलायचेच नाही. भिक्षेहून जो आधी परतेल त्याने आसने मांडायची, पाय धुवायचे पाणी ठेवायचे, पिण्याचे पाणी भरायचे. शेवटी येणाऱ्याने उरलेले अन्न हवे तर खायचे, नको तर गवत नसलेल्या जागी टाकायचे, भांडी आवरायची, जागा झाडायची. पाण्याचा रांजण एकट्याने उचलेना तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवायचे आणि दोघांनी मिळून तो हलवायचा, पण शब्द काढायचा नाही. वर्षावास निर्विघ्न पार पडला. भिक्षू श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि आपण किती सुखाने राहिलो ते त्यांनी सांगितले. बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली. जनावरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहून वर त्याला सुख म्हणता, असा त्यांचा रोख होता. मुक्याचे हे व्रत, पालीत ‘मूगब्बत’, इतर पंथांचे आहे आणि भिक्षूंनी ते घेऊ नये, असा नियम त्यांनी केला. त्याच्या जागी पवारणेचा विधी घालून दिला : वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने संघापुढे, माझ्यात जो दोष पाहिला, ऐकला किंवा शंकेने जाणवला असेल तो सांगा, अशी विनंती करायची. शांतता टिकवण्यासाठी न बोलण्याचा उपाय त्यांनी नाकारला आणि नेमक्या अवघड बोलण्याची सक्ती केली. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात जे आर्यमौन पाळले जाते तेही याच भानाने बेतलेले दिसते. साधक आपसांत बोलत नाहीत, पण आचार्यांना शंका विचारू शकतात, आणि दहाव्या दिवशी बोलणे पुन्हा सुरू होते.

स्वतः बुद्ध मात्र काही प्रश्नांना उत्तर देत नसत. वच्छगोत्त या परिव्राजकाने आत्मा आहे का असे विचारले, बुद्ध गप्प. मग आत्मा नाही का, तरी गप्प. तो निघून गेल्यावर आनंदाने कारण विचारले आणि बुद्धांनी ते सविस्तर सांगितले : ‘आहे’ म्हटले असते तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे झाले असते, ‘नाही’ म्हटले असते तर उच्छेदवाद्यांची, आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त आणखी गोंधळला असता. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी उलट जातीची कथा दिली आहे. बाष्कलीने बाह्वाला ब्रह्म शिकवायला सांगितले. बाह्व बोलेना. पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्याने म्हटले, की मी सांगतोच आहे, तुला कळत नाही. हा आत्मा उपशांत आहे. बुद्धांच्या गप्प राहण्याला कारण होते, बाह्वाचे गप्प राहणे हेच उत्तर होते. दोन दर्शनांतला हा फरक मूलभूत आहे. तरी एका बाबतीत दोन्ही कथा जुळतात : दोन्हींत कुणीतरी विचारते आणि दोन्हींत शेवटी खुलासा होतो. बाह्व अखेरपर्यंत बोललाच नसता तर बाष्कलीने त्याला गुळणी धरलेला समजून घरची वाट धरली असती, आणि ते चूक म्हणता आले नसते. मौनाला भाष्य लागते. परंपरेने ज्यांचे मौन थोर मानले त्या सगळ्यांच्या मौनाशेजारी असे भाष्य सापडते.

सभेतल्या मौनाला मात्र कोणतेच भाष्य वाचवत नाही. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न कायद्याचा होता : स्वतःला हरलेला पुरुष पत्नीला पणाला लावू शकतो का? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून अंग काढून घेतले, द्रोणांसह बाकीचे गप्प राहिले, उत्तर दिले ते दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण याने. विदुराने त्या वेळी सभासदांना विरोचन आणि सुधन्व्याच्या तंट्याची गोष्ट सांगितली आणि बजावले, की धर्म ठाऊक असून सभेत विचारलेल्या प्रश्नाला जो उत्तर देत नाही त्याला खोटे बोलण्याचे अर्धे पाप लागते. मनुस्मृती आणखी कडक आहे. सभेत जाऊच नये, गेलेच तर खरे बोलावे. गप्प बसणारा आणि खोटे बोलणारा दोघेही पापी. मूग गिळण्याला मराठीत जो दोष लागतो त्याचे शास्त्र हे असे तयार आहे, आणि अर्ध्या पापाचा हिशेब पूर्ण पापापेक्षा अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो.

नैयायिकांना पापपुण्याशी कर्तव्य नव्हते, हारजितीशी होते. न्यायसूत्रात वादात पराभव ठरवणारी २२ निग्रहस्थाने दिली आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे तीनदा सांगून झाले तरी ते परत न मांडणे हे अननुभाषण. उत्तर न सुचणे ही अप्रतिभा. आणि मला जरा काम आहे, नंतर बोलू, असे म्हणून वाद सोडून उठणे हा विक्षेप. विषयाला बगल देणाऱ्यांची ही शास्त्रीय नोंद इतकी जुनी आहे. महाभारताच्या कर्णपर्वातली कौशिकाची कथा त्याच्या पुढची अडचण दाखवते. चोरांना चुकवून लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सत्यव्रती कौशिकाने सांगितला आणि तो नरकात गेला. कृष्णाचे म्हणणे असे, की न बोलता निभावत असेल तर बोलू नये. पण न बोलण्यानेच संशय येत असेल तर तिथे खोटे बोलणे बरे. गप्प बसणे हेही उत्तर म्हणून वाचले जाते, हे यात गृहीत धरले आहे. चौकशीच्या खोलीत आरोपी तोंड उघडत नाही तेव्हाही ते तसे वाचले जाऊ शकते. म्हणून भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(३) ने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. तो बोलू लागला की मराठी बातमीदार त्याला ‘पोपटासारखा बोलू लागला’ म्हणतात.

विसाव्या शतकात महाराष्ट्राशी नाते असलेले मौनाचे तीन मोठे प्रयोग झाले. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी अहमदनगरजवळच्या मेहेराबादला मौन घेतले आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. पण या काळात त्यांचा संवाद थांबला नव्हता. अनेक वर्षे ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवत आणि शिष्य वाचून दाखवत. १९५४ मध्ये पाटीही सोडली आणि हातांच्या खुणा सुरू झाल्या. सेवाग्रामच्या गांधीजींचा सोमवार मौनाचा असे. २ जून १९४७ ला फाळणीच्या योजनेवर बोलायला व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी बोलावले तो सोमवारच निघाला. गांधीजींनी जुन्या पाकिटांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने उत्तरे लिहिली. मौनाला आपण दोन अपवाद ठेवले आहेत, उच्चपदस्थांशी तातडीचे काम आणि आजाऱ्यांची शुश्रूषा, हेही त्यांनी त्यात लिहिले. तरी बोलले नाहीत. देशाच्या इतिहासातल्या सर्वांत निर्णायक दिवसांपैकी एका दिवशी पाळलेले हे मौन व्रत होते की नकार, यावर एकमत होणे कठीण आहे.

तिसरे उदाहरण पवनारचे. विनोबा भावे यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन धरले आणि मध्येच आणीबाणी आली. एका भेटीत त्यांनी महाभारतातल्या ‘अनुशासन पर्व’ या नावाकडे निर्देश केला. सरकारने ते दोन शब्द आणीबाणीची भलामण म्हणून उचलले आणि त्यांचा भरपूर प्रचार केला. मौनाची मुदत संपल्यावर विनोबांनी अर्थ उलगडला, की अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे ते शासन. पण तोवर बरेच महिने लोटले होते. एरवी मौन आणि भाष्य शेजारी शेजारी असतात. इथे त्यांच्यात अंतर पडले आणि त्या अंतरात दुसऱ्यांनी आपले भाष्य लिहून टाकले.

न बोलणे शिक्षा म्हणूनही वापरले गेले आहे. महापरिनिर्वाणापूर्वी बुद्धांनी उद्धट छन्न भिक्षूला ब्रह्मदंड ठरवला : त्याने काहीही म्हणावे, भिक्षूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. ते कळताच छन्न मूर्च्छित पडला, पुढे एकांतात साधना करून अर्हत झाला आणि दंड आपोआप संपला. खेड्यातल्या वाळीत टाकण्याला अशी वाट नसते. तिथे बोलणाऱ्यालाही दंड बसतो, किराणा बंद होतो, लग्नाला कुणी येत नाही, आणि सुधारून सुटका होईल अशी सोय नसते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो याच प्रथेवर. ज्यांना बोलूच दिले गेले नाही त्यांच्या गप्प राहण्याला अबोला किंवा मौन म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होईल. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. त्यातले मूक म्हणजे नकार देणारे नव्हेत, तर ज्यांचा आवाज ऐकलाच गेला नाही ते.

धर्मासाठी गप्प राहण्याचा हक्क भारतात न्यायालयात तपासला गेला तो केरळमधल्या एका शाळेमुळे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत घ्यायला सांगितले. मुले गप्प होती हे न्यायालयाने पाहिले, पण ती उभी होती हेही पाहिले. नकाराचा अर्थ त्यांच्या उभे राहण्याने ठरला.

देव बोलत नाही ही तक्रार तर संतांचीच आहे, आणि नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाला त्यासाठी सरळ शिव्याही घातल्या. कोकण आणि गोव्यातल्या देवळांनी मात्र व्यवहारी तोड काढली. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारायचा, आणि डावी पडते की उजवी यावरून कौल घ्यायचा. पाकळी हललीच नाही तर गुरव प्रश्न फिरवून विचारतो. देवाचा अबोला मान्य करण्यापेक्षा आपला प्रश्न चुकला असे मानणे भक्ताला सोपे जाते.

माणसांच्या अबोल्याला मुदत नसते, म्हणून धर्मांनी ती बाहेरून घालून दिली. तीन दिवसांपेक्षा जास्त आपल्या बांधवाशी बोलणे तोडू नये, आणि दोघांत जो आधी सलाम करील तो श्रेष्ठ, असे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये आहे. जैनांनी क्रोधाची प्रतवारी काळावरून केली : पंधरा दिवसांत विरणारा पाण्यावरच्या रेघेसारखा, चार महिने टिकणारा वाळूवरच्या, वर्षभर राहणारा मातीच्या भेगेसारखा आणि जन्मभर न जाणारा दगडावरच्या चिरेसारखा. त्या मापाने पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे, म्हणजे दोषांच्या कबुलीचे विधी, ठेवली आहेत, आणि संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून वर्षाचा हिशेब मिटवतात. मराठी घरांत हे काम संक्रांत करते. तिळगूळ हातावर ठेवून ‘गोड बोला’ म्हटले की आधी काय झाले होते ते काढायचे नसते, माफीही मागायची नसते. धाकट्याने थोरल्याकडे जायचे, त्यामुळे आधी कोण बोलणार हा अबोल्यातला सर्वांत अवघड प्रश्न वयावर सुटतो. १४ जानेवारीला जाणे जमले नाही तरी अडत नाही, तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो.